तीन बंकर आणि एक गोणी

हर्षलने एकंदर तीन बंकर उडवले. पहिला त्याच्या बापाने उडवला, दुसरा तालुक्याच्या अध्यक्षांनी, आणि तिसरा नाशिकहून आलेल्या एका पाहुण्यांनी. या पाहुण्यांना अंत्यविधीत बोलायला दोनच मिनिटं मिळाली होती आणि आधीच्या चौदा वक्त्यांनी काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. काहीतरी नवीन सांगणं भाग होतं.

हर्षल तेव्हा तिरंग्यातल्या पेटीत होता. वय तेवीस. त्याने हरकत घेतली नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात सीमेवर तोफा सुरू झाल्या आणि तिसऱ्या दिवशी देवळा तालुक्यातल्या त्या गावात फोन आला. मग ओझरला विमान, तिथून फुलांची गाडी, वाटेतल्या प्रत्येक गावात थांबा. वाल्मीकला, म्हणजे हर्षलच्या बापाला, त्या दिवसातलं फारसं आठवत नाही. एवढंच आठवतं की कुणीतरी हातात पाण्याची बाटली दिली होती आणि तो झाकण न काढताच बराच वेळ पीत होता. कुणी हसलंसुद्धा नाही, तेव्हा त्याला कळलं की झालंय ते खरंच झालंय.

पहिल्या बंकरची गोष्ट साधी आहे. भरती होऊन वर्ष झाल्यावर वाल्मीकने पोराला फोनवर विचारलं होतं, "तुझं काम काय असतं रे नेमकं?"

"सप्लाय."

"कशाचा?"

"वर पोस्टवर जे लागतं त्याचा."

तेवढ्यात रेंज गेली. रेंज गेली तरी चहाची टपरी जागच्या जागी होती आणि तिथे लोक विचारत होते. मग वर काय लागतं ते वाल्मीकने स्वतःच ठरवलं. सोमवारी हर्षल दारूगोळा पोचवत होता, गुरुवारपर्यंत तो तोफेवर गेला. आणि फोन आल्याच्या दुसऱ्या दिवशी, पेटी यायची होती अजून, टपरीपुढे कुणीतरी दबक्या आवाजात विचारलं, "पण झालं कसं, आप्पा?" तेव्हा वाल्मीकच्या तोंडून निघून गेलं, "बंकर उडवला त्यानं. मग गेला."

का निघालं, ते त्याला आजही सांगता येणार नाही. लष्कराने एवढंच कळवलं होतं की आघाडीवर कर्तव्य बजावताना तोफगोळ्यात. एवढ्याशा वाक्याला धरून माणूस उभा कसा राहणार? वाल्मीकने बंकर धरला.

त्यात आणखी एक गोष्ट होती, ती त्याने बायकोलाही सांगितली नव्हती. हर्षल सैन्यात गेला तो देशासाठी वगैरे नंतर. आधी तो कांद्यापासून पळाला. एकोणीस वर्षांचा असताना उन्हाळ कांद्याच्या ऐन काढणीत, भर दुपारी, डोक्यावरची पाटी त्याने बांधावर आपटली होती. "आप्पा, मी जन्मभर कांदा वाहणार नाय."

"नको वाहू," वाल्मीक म्हणाला होता. "देव तुझ्या पाठीवर दुसरं काय ठेवतो ते मला बघायचंय."

एवढंच. बाप रोज असली दहा वाक्यं बोलतो आणि नऊ विसरतो.

आता वर्ष झालं होतं. पहिल्या स्मृतिदिनाला गावाने शाळेच्या मैदानात स्मारक बांधलं होतं. चबुतरा, त्यावर काळा ग्रॅनाइट, ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरं: शत्रूचे तीन बंकर उद्ध्वस्त करून वीरगती प्राप्त झालेले. मजकूर मुख्याध्यापकांनी लिहिला होता. दगड नाशिकला कोरला, टेम्पोतून गादीवर निजवून आणला आणि वरून भगवा पडदा सोडला. पडद्याची दोरी उद्या मोठे पाहुणे ओढणार होते.

आणि आदल्या दिवशी दुपारी एसटीतून हवालदार उतरला.

तो हर्षलच्या युनिटमधला, हिमाचलचा माणूस. नाव ठाकूर. सुट्टीवर निघाला होता. त्याचं घर उत्तरेला, पण साहेबांनी सांगितलं म्हणून आधी दीड हजार किलोमीटर दक्षिणेला आला होता. सैन्यात यालाच वाट वाकडी करणं म्हणत असावेत. हर्षलच्या आईच्या, लंकाबाईच्या पाया पडला, दोन ग्लास पाणी प्याला आणि गप्प बसला. लंकाबाईने त्याच्यापुढे ताट ठेवलं आणि तो जेवत असताना त्याच्या हाताकडे बघत राहिली.

गप्प माणसाचं काय करावं हे वाल्मीकला कळेना. शेतकऱ्याने पाहुण्याला दाखवायचं तरी काय? तो त्याला कांदाचाळीकडे घेऊन गेला. चाळ नुकतीच भरली होती. जाळीच्या दोन भिंतींमध्ये छातीपर्यंत कांदा. आत गारवा होता आणि तो वास.

ठाकूरने एक कांदा उचलला. अंगठ्याने मान दाबून बघितली, हलवला, नाकाला लावला. वाल्मीक बघतच राहिला. मान दाबून कांदा बघायची ही रीत तर त्याच्या घरातली.

"ये किसने सिखाया?" त्याने मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं.

"आपके हर्षल ने, बाबूजी." ठाकूर म्हणाला, आणि मग हातातल्या कांद्याकडे बघत म्हणाला, "यही तो ला रहा था उस दिन."

वाल्मीकला वाटलं आपल्याला हिंदी येत नाही. "काय आणत होता?"

"प्याज."

मग ठाकूरने खालच्या आवाजात सगळं सांगितलं. हर्षल खेचरांच्या तुकडीत होता. जिथे रस्ता संपतो तिथून वरच्या चौकीपर्यंत सगळं खेचराच्या पाठीवर जायचं. आटा, डाळ, रॉकेल, बटाटा, चिठ्ठ्या आणि कांदा. अंतर सहा तासांचं. सुरुवातीला वर पोचेपर्यंत निम्मा कांदा सडायचा. मग एकदा या पोराने गोण्या उघडल्या, ओलसर कांदा वेगळा काढला, बाकीचा तंबूत पसरून वारा दिला, गोणीला जागोजागी भोकं पाडली. त्यानंतर सड बंद झाली. पुऱ्या कंपनीत कांद्याचा डॉक्टर म्हणजे हर्षल. थंडी फार वाढली की स्वतःचं कांबळं गोणीवर टाकायचा.

वाल्मीक चाळीच्या बांबूला टेकला.

दीड वर्षापूर्वी एका रात्री हर्षलने फोनवर मध्येच विचारलं होतं, "आप्पा, गोणीत कांदा ओलसर लागला तर काय करायचं?" वाल्मीकला वाटलं पोरगं घरची चौकशी करतंय, नाहीतर टोमणा मारतंय. तो हसला होता. वारा दे, सांगितलं, गोणी कोंडू नको. आणि वर म्हणाला होता, "तुला काय करायचंय रे कांद्याचं? तू तुझ्या तोफा सांभाळ!" पलीकडे हर्षल जरा थांबला होता. मग "बरं, आप्पा" म्हणाला होता.

वाल्मीकने खाली बघून दोनतीन कांदे उगाच इकडचे तिकडे केले.

"गोळा कसा आला?" त्याने विचारलं.

"तोफा सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट," ठाकूर त्याच्या हिंदीत म्हणाला. वरच्या चौकीतलं धान्य संपत आलं होतं. चौघे जण आणि सहा खेचरं पहाटे निघाले. हर्षल सगळ्यात पुढे, कारण त्याचं खेचर पुढे चाललं तरच बाकीची चालायची. वळणावर गोळा पडला. "उसे कुछ पता नहीं चला, बाबूजी." हे सगळेच हवालदार सगळ्याच बापांना सांगत असतील. वाल्मीकने ते घेतलं आणि ठेवून दिलं.

"सरपंच बच गया," ठाकूर म्हणाला.

"कोण?"

"सरपंच. बहुत अड़ियल था, बाबूजी. गुड़ दिए बिना क़दम नहीं उठाता था. लात भी मारता था."

चाळीच्या तोंडाशी पांढरे कपडे उभे होते. गावचे सरपंच वाळूतात्या फौजी पाहुण्याच्या स्वागताला नारळ आणि शाल घेऊन आले होते आणि शेवटची तीन वाक्यं त्यांनी व्यवस्थित ऐकली होती.

"खेचराबद्दल बोलताय ते, तात्या," वाल्मीक घाईने म्हणाला.

"ते कळलं." तात्यांनी नारळ या हातातून त्या हातात घेतला. "पण नाव?"

"हर्षल ने रखा था, साब. प्यार से."

वाळूतात्यांनी शालीची घडी सारखी केली. मग त्यांनी विचारलं, "चढायचा का पण? शेवटी?"

"चढ़ता था, साब. गोलाबारी में भी."

"मग हरकत नाय," तात्या म्हणाले आणि त्यांनी ठाकूरच्या खांद्यावर शाल घातली.

पाहुणा हातपाय धुवायला गेला तेव्हा वाल्मीकने तात्यांना सगळं सांगितलं. कांदा, खेचर, वळण. मग म्हणाला, "तात्या, दगडावरचे बंकर काढा."

"कधी?"

"आज."

"वाल्मीक, तो ग्रॅनाइट हाय. फळा नाय पुसायला." तात्या खाली बसले. "उद्या अकराला पाहुणे येत्यात. पत्रिकेत तीन बंकर, फ्लेक्सवर तीन बंकर, शाळेच्या पोरींनी नाटक बसवलंय त्यात तीन बंकर. खोक्यांचे केलेत. आणि आता मी सांगू, की नाय हो, पोरगं कांद्याची गोणी घेऊन चाललं होतं? अरे, या तालुक्यात कांद्याची गोणी कोण नेत नाय? त्याला दगड कशाला लागतोय?"

"माझ्या पोराला लागतोय."

"मी तुझ्या पोराची इज्जत राखतोय, आप्पा."

"त्याची की तुमची?"

हे जरा जास्त झालं. तात्या उठले. जाताना चाळीच्या दारात थांबून म्हणाले, "पहिला बंकर कुणी उडवला होता, आप्पा? टपरीवर मी पण होतो."

वाल्मीक चाळीची जाळी धरून उभा राहिला. खरं सांगायचं तर आधी आपण खोटं बोललो ते सांगावं लागणार, आणि तेही सगळ्या गावापुढे, पोराच्या स्मारकाशेजारी उभं राहून. नाही सांगितलं तर दगड शंभर वर्षं टिकणार. आणि त्या शंभर वर्षांत कुणाला कळणार नाही की हर्षल कोण होता. लोक एका भलत्याच माणसाला हार घालत राहतील, आणि तो माणूस बापाने बनवलेला असेल.

जेवताना त्याने लंकाबाईला सांगितलं. तिने भाकरी थापणं थांबवलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "पाटी आपटून गेला होता ना?"

वाल्मीक दचकला. त्याला वाटत होतं ते फक्त त्यालाच माहीत आहे.

"मी बांधाच्या पलीकडं होते," ती म्हणाली. "तुम्ही काय बोलला ते पण ऐकलं. वाढू का आणखी?"

दुसऱ्या दिवशी मंडप भरला. मे महिन्यातल्या अकराच्या उन्हात मंडपाचं कापड तापून त्याचा वास सुटला होता. पुढे भाड्याने आणलेला लाल सोफा होता. त्यावर लंकाबाईला बसवलं होतं आणि ती टोकावर बसली होती, कुणी उठ म्हटलं तर लगेच उठता येईल अशी. पोरींनी नाटक केलं. तिसरा बंकर पंख्याच्या वाऱ्याने वेळेआधीच पडला. पोरींनी तो उभा करून पुन्हा पाडला. मोठ्या पाहुण्यांचं भाषण झालं आणि त्यात चौथा बंकर होता, पण तो उत्साहाच्या भरात. त्यांनी दोरी हातात घेतली. तेवढ्यात सूत्रसंचालन करणारे मुख्याध्यापक म्हणाले, "त्याआधी वीरपित्याने दोन शब्द बोलावेत अशी मी विनंती करतो." हे पत्रिकेत होतंच. वीरपिता काय बोलतो, तर डोळे पुसतो आणि हात जोडतो, असा सगळ्यांचा अनुभव होता.

वाल्मीक माइकपुढे उभा राहिला. माइक त्याच्यापेक्षा उंच होता. तो खाली करायला कुणीतरी धावलं, माइक किंचाळला, गाव दचकलं, आणि मग एकदम शांत झालं.

"हर्षलनं बंकर उडवला नाय," तो म्हणाला. "एक पण नाय. पहिला मी उडवला. टपरीवर. बाकीचे दोन त्याच्यावर चढले."

त्याने माइकची दांडी धरली.

"तो खेचर चालवायचा. वर जी चौकी असते तिथं खायला न्यायचा. गोळे पडत होते तरी निघाला, कारण वर खायला नव्हतं. एका बाजूला पस्तीस किलो आटा होता, एका बाजूला पस्तीस किलो कांदा. त्यातच गेला." त्याला पुढचं काही सुचेना. "कांदा वाहणार नाय म्हणून घरातून गेला होता. मी त्याला बोललो होतो. तर ते असं झालं. दगडावर लिहिलंय ते खोटं हाय. एवढंच."

मंडपातल्या पंख्यांचा आवाज मोठा वाटायला लागला. मोठ्या पाहुण्यांनी दोरीकडे बघितलं, मग तात्यांकडे. तात्या जमिनीकडे बघत होते. वाल्मीकला वाटलं आता कुणीतरी हसेल, किंवा उठून जाईल, आणि दोन्हीपैकी काहीही झालं तरी आपण इथेच खाली बसू.

मागच्या रांगेतून ठमाबाई उठली. साठीची, जन्मभर लोकांच्या शेतात कांदा काढलेली, कापलेली, भरलेली. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"कांदा कोन्ता व्हता, भाऊ? लाल का उन्हाळ?"

वाल्मीकने तिच्याकडे बघितलं. "उन्हाळ. मे होता ना."

"मंग टिकनारा व्हता," ठमाबाई म्हणाली आणि खाली बसली.

आणि मग गाव सुटलं. उजवीकडून कुणीतरी विचारलं, "वरचा पापुद्रा काढलेला की तसाच?" डावीकडून, "गोणी तागाची का जाळीची?" एकाला खेचराच्या पाठीवर पस्तीस किलोचा तोल कसा राखतात ते हवं होतं. दुसरा म्हणाला, आट्याची बाजू जड होत असणार, आटा दमट हवेत वजन धरतो. तिसरा म्हणाला, तू कधी खेचर पाळलंयस का? वाल्मीक प्रत्येकाला उत्तर देत होता. चाळीत त्याने ठाकूरला हे सगळं विचारलं होतं. का विचारतोय ते तेव्हा कळलं नव्हतं. गोणीला भोकं पाडायची, हे त्याने हाताने करून दाखवलं. गोणीवर कांबळं टाकायचा, हेही सांगितलं. "स्वतःचं?" कुणीतरी विचारलं. "स्वतःचं." त्या माणसाने मान हलवली आणि शेजाऱ्याकडे न बघता म्हणाला, "आपल्या घरात कुणी करंल का रं हे?"

वर्षभरात हर्षलबद्दल इतकं कुणी विचारलं नव्हतं. बंकरबद्दल विचारण्यासारखं काही नसतंच. तो उडाला की संपला. कांद्याचं तसं नाही.

वाळूतात्यांनी पाहुण्यांच्या हातातली दोरी हळूच काढून घेतली आणि खांबाला दोन वेढे देऊन बांधून टाकली. पडदा खाली राहिला. पाहुण्यांना मागच्या बाजूने चहाला नेलं.

मग एका म्हाताऱ्याने, ज्याला कमी ऐकू येत असल्यामुळे तो सगळ्यांपेक्षा मोठ्यांदा बोलायचा, विचारलं, "पण मग पोचला का कांदा?"

वाल्मीक थांबला. त्याने कांद्याची जात, गोणी, वजन, वळण, सगळं विचारलं होतं. हे विचारलं नव्हतं. माल पोचला का, हे आयुष्यात पहिल्यांदा तो विचारायला विसरला होता.

तो ठाकूरकडे वळला. ठाकूर व्यासपीठावर शेवटच्या खुर्चीत शाल पांघरून बसला होता. प्रश्न त्याला मुख्याध्यापकांनी हिंदीत करून सांगितला. तो उठला, शाल खुर्चीवर ठेवली आणि वरच्या अधिकाऱ्यापुढे राहावं तसा ताठ उभा राहिला.

"पहुँचा," तो म्हणाला. "अगले दिन. हम लेके गए. बोरी फटी नहीं थी." त्याने वाल्मीककडे बघितलं. "तीन दिन किसी ने हाथ नहीं लगाया. फिर साब बोले, खाओ. लाया किसलिए था?"

मुख्याध्यापक मराठीत सांगायला उठले, पण गरज नव्हती, ते तसेच बसले.

सोफ्याच्या टोकावरून लंकाबाईने वर बघितलं. वर्षभरात ती चारचौघांत एक शब्द बोलली नव्हती.

"वर माणसं किती होती?" तिने विचारलं.

ठाकूरला हे भाषांतराशिवाय कळलं. "ग्यारह, माताजी."

लंकाबाईने डाव्या हाताच्या बोटांच्या पेरांवर अंगठा ठेवला आणि मोजायला लागली. अकरा माणसं, दोन वेळचं, डोंगरावरची थंडी, तरणी पोरं, भूक जास्त. एका पेरावर अडखळली, मागे आली, पुन्हा मोजलं. सगळा मंडप तिचा हिशेब होईपर्यंत थांबला.

"आपल्यासारखं जेवली आसतील," ती म्हणाली, "तर तीन आठवडे पुरला आसंल."